तंतूंची नोंदवही
बडोद्यात मांडवीच्या चौकालगत आमच्या जुन्या घराच्या माडीवर, खालची वर्दळ ओसरल्यानंतर मी रात्री उशिरापर्यंत ज्या चित्रांत गढून जात असे, त्यांत पाहणाऱ्यास केवळ राखाडी ठिपके दिसले असते. वस्तुतः प्रत्येक ठिपका हा कार्बनच्या एका तंतूचा आडवा छेद होता, आणि त्या तंतूचा व्यास सुमारे सात मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा जेमतेम दहावा भाग. एपॉक्सी राळेत असे हजारो तंतू समांतर बसवून सिद्ध झालेल्या पदार्थाचा काडीएवढा नमुना क्ष-किरणांसमोर फिरवावयाचा, नाना दिशांनी त्याच्या छाया टिपावयाच्या, आणि त्यांवरून संगणकाने एकावर एक काप रचावयाचे, अशी ही रीत. १९७१ साली रुग्णाचा मेंदू पाहण्यासाठी जी प्रथम उपयोगात आली, तिचेच हे सूक्ष्म रूप.

या कापांतून तंतू हुडकण्यासाठी मी रचलेल्या संगणक-प्रणालीचे काम वरकरणी कारकुनी होते. एका कापातील ठिपक्याचा मध्य शोधावा, पुढच्या कापातील निकटतम मध्याला तोच क्रमांक द्यावा, आणि अशा रीतीने तंतूचा मार्ग अथपासून इतिपर्यंत रुजू करावा. अशी नोंद ठेवणे आमच्या घराला नवे नव्हते; मांडवी या शब्दाचा अर्थच जकातीचे नाके. माझे आजोबा बडोदे संस्थानच्या जकात खात्यात कारकून होते, आणि नोंदीवाचून गाडी पुढे जाता कामा नये, हा त्यांचा शिरस्ता घरात आम्ही वारंवार ऐकलेला. शिवाय सयाजीराव महाराजांनी १८९० साली स्थापिलेल्या कलाभवनाच्या वास्तूत मी वस्त्रविद्या शिकलो, तेव्हा भिंगाखाली एकेका धाग्याचा माग काढण्याची सवय डोळ्यांना होतीच.

सारे तंतू सलग सापडले, असे प्रणालीने सांगितले त्या रात्री मला फार आनंद झाला. परंतु ४१२ क्रमांकाचा तंतू एके ठिकाणी विनाकारण वळलेला दिसला, म्हणून मी एकेक काप उलटून पाहिला. तेथे दोन तंतू एकमेकांस इतके चिकटून होते की दोन ठिपक्यांचा एकच झाला होता, आणि ते विलग होताना ४१२ ने ४१३ चा क्रमांक धारण केला होता. ही चूक क्षुल्लक नव्हती. तंतू एक-दोन अंशांनी जरी कलले, तरी दाबाखाली पदार्थाची ताकद लक्षणीय घटते, आणि येथे तर सरळ तंतूंच्या माथी मी खोटा कल मारला होता.

मग तंतूच्या आजवरच्या दिशेवरून त्याच्या पुढच्या जागेचे अनुमान करण्याची, काल्मान यांनी १९६० साली मांडलेली पद्धत मी योजिली, आणि खातरजमेसाठी तोच प्रवास खालून वरही करविला. जेथे दोन्ही मार्ग जुळले नाहीत, तेथे मी क्रमांक खोडला व कापाचा आकडा कारणासह लिहून ठेविला. सलग तंतूंची संख्या घटली; मला त्याचा खेद वाटला नाही.

पुढे त्याच जागेचे काप अधिक सूक्ष्म प्रमाणात टिपून घेतले, तेव्हा ४१२ आणि ४१३ यांच्यामध्ये राळेची एक काळसर रेघ उभी असलेली दिसली.