मापाची सायकल

आमच्या घरात मापाने वस्तू घ्यायची पद्धतच नव्हती. गणवेश घ्यायचा तो वाढत्या अंगाचा, दोन वर्षे पुरेल असा. थोरलीच्या चपला धाकट्याला. त्यामुळे मुलीला रेसिंग सायकल घ्यायची ठरली तेव्हाही आमच्या मनात तोच हिशेब होता. थोडी मोठीच घेऊ, भारीतली घेऊ, पुरेल.

मुलगी जिल्ह्याच्या शर्यतीत उतरत होती, पण सायकल ओळखीतल्या एका उंच मुलाची, मागून आणलेली. कात्रजचा घाट करून आली की गुडघ्याची मागची बाजू धरून बसायची. हातांना मुंग्या यायच्या. आम्ही म्हणायचो, सराव कमी पडतो. तेल चोळून द्यायचो.

२०२३ च्या दिवाळीत भिशी लागली, यांचा बोनसही आला. पुण्यातल्या एका दुकानात आम्ही गेलो. भिंतीवर कार्बनची सायकल टांगलेली. सव्वा लाखाची, सवलतीत ९५ हजारांना. यांची नजर तिथून हलेना. "जन्मभर लोकांचं जुनं वापरलं," एवढेच बोलले.

मेकॅनिक म्हणाला, "ताई, आधी पोरीचं माप घेऊ." तिला अनवाणी भिंतीला टेकून उभी केली, दोन पायांमध्ये जाड पुस्तक वर दाबून धरायला लावले आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावली. ७४ सेंटिमीटर. त्याला ०.८८३ ने गुणायचे, आले सुमारे ६५. पायडल ज्या आसाभोवती फिरतात तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढी उंची धरून सुरुवात करायची, मग थोडे कमी-जास्त. दारातली जुनी सायकल मोजली, तर ६९! पायडल खाली गेले की पाय पुरत नव्हता, कंबर डावी-उजवी हलत होती, गुडघा मागून ताणत होता. आणि दुसऱ्याची वस्तू बिघडायला नको म्हणून त्या सीटला आम्हीच तिला हात लावू दिला नव्हता.

सीट तरी खाली-वर होते. हँडलपर्यंतचे अंतर मात्र चौकटीतच ठरलेले. हँडल धरणारा दांडा बदलून एखाद-दोन सेंटिमीटरचा फरक पाडता येतो, फार आखूड केला तर सायकल हातात स्थिर राहत नाही. कार्बनची ती सायकल ५४ नंबरची. पोरगी बसली तर कोपर ताठ, खांदे कानाला. लहान मापात होती, पण सवलत नव्हती.

मग अॅल्युमिनियमची, ४९ नंबरची, ८५ हजारांची. हा नंबरही प्रत्येक कंपनीचा सारखा नसतो म्हणे, म्हणून चालवून बघायला लावले. अर्ध्या तासाने आली. "आई, हातावर भारच येत नाही," म्हणाली.

यांनी एकदा भिंतीकडे पाहिले आणि नोटा मोजायला घेतल्या. दोनदा मोजल्या.

सीटच्या दांड्यावर तिने लाल टेपची खूण केली आहे. धाकटा सीट खाली करून चालवतो. परत खुणेवर आणून ठेवायची, एवढीच अट.