खुराड्यांतील दांडी

पालघर, बोईसर, तारापूर या बाजूस परसांत खुराडें बांधतांना मांजर व मुंगूस यांचा विचार होतो. कोंबडीच्या पायांचा क्वचितच होतो, असें आम्हांस दिसतें.

रानकोंबडा रात्रीं झाडावर बसतो. तीच संवय घरच्या कोंबडीस आहे. पाय दुमडतांच तिचीं बोटें दांडीस आपोआप आवळतात. म्हणून दांडी दीड-दोन इंच रुंद, गोल कडांची व अंड्यांच्या पेटीहून उंच असावी. नाहींतर कोंबडी पेटींतच झोपून घाण करिते.

गिरिराज, वनराज अशा जड कोंबड्यांचा तळवा उंचावरून उडी घेतांना दुखावतो, आणि पावसाळ्याच्या ओलींत जखम चिघळते. त्यांच्यासाठीं आम्ही फळीची उतरण लावून तिजवर सहा-सहा बोटांच्या अंतरानें आडव्या पट्ट्या ठोकितों.

मुलांनो, मुक्या जीवाची तक्रार त्याच्या पायांतच वाचावी लागते.