चिखलातले तीन मणी

दिवाळीच्या आधी आमच्या बाजारात पूजेच्या सामानाच्या दुकानांवर कमळगट्ट्याच्या माळा लटकू लागतात. काळे, गुळगुळीत, दगडासारखे टणक मणी. घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना हे कमळाचे बी आहे हे ठाऊक असते. पण ते जिवंत असू शकते, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. (मखाणे मात्र कमळाचे नव्हेत. ती काटेरी पानांची वेगळीच पाणवनस्पती. दरवर्षी वर्गात हे सांगावे लागते.)

या मण्यांपायी एका माणसाने आपले सारे आयुष्य वेचले. त्यांचे नाव डॉ. इचिरो ओगा. जन्म १८८३, जपानमधील ओकायामा येथला. १९१७ साली दक्षिण मांचुरिया रेल्वेच्या संशोधन विभागात नोकरी धरून ते दाल्येनला गेले. तेथून उत्तरेला पुलान्त्येन नावाचे ठिकाण आहे. तिथे एके काळी तळे होते. ते आटले आणि वर शेती उभी राहिली. शेताखाली पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर होता. त्या थरात कमळाच्या बिया निघत. ओगांनी त्या गोळा केल्या, टणक कवच फोडून पाणी आत जाईल अशी व्यवस्था केली, आणि त्या रुजल्या!

तळे आटून किती शतके लोटली असतील याचा ओगांनी अंदाज बांधला. पण अंदाज तो अंदाजच. पुढे १९५१ मध्ये अमेरिकेत लिबी यांच्या किरणोत्सारी कार्बनच्या पद्धतीने तेथल्या बियांचे वय सुमारे एक हजार वर्षे निघाले. १९९५ साली तेथलेच जवळजवळ तेराशे वर्षांचे एक बी कॅलिफोर्नियात रुजवून दाखवण्यात आले.

हे घडते कसे? आपण ज्याला बी म्हणतो ते खरे तर कमळाचे फळ. त्याच्या कवचातून पाणी शिरत नाही, हवा शिरत नाही. आतला अंकुर हिरवाच असतो आणि तो झोपी जातो. पीटच्या थरात तर हवा नसतेच. शिवाय जीर्ण झालेली प्रथिने दुरुस्त करणारे द्रव्यही त्या बीमध्ये असते, असे पुढच्या संशोधकांना आढळले.

पण मला ओढ आहे ती १९५१ च्या मार्चची. ओगा जपानला परतून वीस वर्षे होत आली होती, वय ६७. टोकियोजवळ चिबा येथील केमिगावा भागात टोकियो विद्यापीठाच्या शेतजमिनीत जळणासाठी पीट काढत असत. तिथे १९४८ साली एकाच लाकडातून कोरलेली प्राचीन नाव सापडली आणि तिच्यासोबत कमळाची बोंडे. बोंडे आहेत तर बी असणारच, असे ओगांनी ताडले. ३ मार्चला खणती सुरू झाली. मजूर होतेच, शिवाय आसपासच्या शाळांची मुले मदतीला आली. दिवसामागून दिवस चिखल उपसायचा, चाळायचा. हाती काही नाही. थंडी, पैशाची ओढ, आणि आता पुरे करा म्हणणारी माणसे. अशा वेळी काम चालू ठेवणे हे नुसत्या विद्वत्तेने होत नाही.

३० मार्चच्या संध्याकाळी सुमारे सहा मीटर खोलीवरच्या पीटमधून हानाझोनो माध्यमिक शाळेतील एका मुलीला एक बी सापडले. ६ एप्रिलला आणखी दोन. एवढ्या खटाटोपाचे फळ तीन मणी! मे महिन्यात तिन्ही रुजले, पण दोन रोपे गेली. उरलेल्या एकाला १८ जुलै १९५२ रोजी गुलाबी फूल आले.

एवढ्यावर शंकेखोर गप्प बसले नाहीत. तपासले गेले ते नावेचे लाकूड. ते दोन हजारांहून अधिक वर्षांचे ठरले. तेव्हा बी तपासायचे तर ते जाळावे लागे, आणि जाळले तर फूल कसले? त्यामुळे 'दोन हजार वर्षांचे कमळ' हे शब्द मी जरा जपूनच वापरतो. एक मुख्याध्यापक म्हणून मला मात्र वयापेक्षा त्या मुलीचा हेवा वाटतो. आमच्या प्रयोगवहीत बीज अंकुरण्याचा प्रयोग मटकीवर संपतो. पोरांना महिनाभर चिखलात खणायला पाठवतो म्हटले, तर पालक सभा बोलावतील आणि वरून खुलासा मागवणारे पत्र येईल.

आणखी एक गोष्ट मनात सलते. ओगांच्या पहिल्या बिया चिनी शेतकऱ्यांच्या मातीतल्या होत्या आणि ती भूमी तेव्हा जपानच्या ताब्यात होती. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना माती कोणाची आणि नाव कोणाचे, हा प्रश्न परका नाही. नंतर युद्ध झाले, कत्तली झाल्या. १९६३ साली, दोन्ही देशांत राजनैतिक संबंध नसताना, ओगांनी आपल्या केमिगावाच्या कमळाच्या बिया चीनला पाठवल्या. ते संबंध जुळायला १९७२ साल उजाडले. ओगा १९६५ मध्येच वारले होते. वुहानच्या वनस्पती उद्यानात त्या कमळाचा चीनमधल्या प्राचीन कमळाशी संकर करण्यात आला, आणि त्या वाणाच्या नावात दोन्ही देशांची मैत्री गुंफली गेली.