चौदा खोल्या, एक सॅलरी स्लिप

भुशी डॅम, भजी, मक्याचं कणीस, येताना चिक्कीचे डबे. संपला लोणावळा! तुम्ही ज्या गावात एक रात्र राहून सोमवारी ऑफिसात फोटो दाखवता, ते माझं गाव. बाजारपेठेत, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर आमचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे आजोबांचं लॉजिंग-बोर्डिंग. वर चौदा खोल्या, खाली जेवणघर, गल्ल्यावर आळीपाळीने बाबा आणि काका. मी पुण्यात, बाणेरला आयटीत.

सध्या घरात एकच विषय आहे, धंदा वाढवायचा. काकांना कुसगावकडे प्लॉट दिसतोय. एक्स्प्रेस-वेवरून गाडी उतरली की समोर हॉटेल. स्विमिंग पूल, लॉन, लग्नं, पार्ट्या. २००२ मध्ये एक्स्प्रेस-वे पूर्ण झाला आणि मुंबईच्या गाड्या बाजारपेठेचं तोंडही न बघता पुण्याला जायला लागल्या, हे त्यांचं जुनं दुखणं. आता पवनेच्या काठावर तंबू आणि तुंगार्लीत भाड्याचे बंगले, सगळं मोबाइलवर बुक होतं. काका चुकीचं बोलत नाहीत. फक्त बँकेला सहकर्जदार हवाय. चुलत भाऊ कॅनडात. म्हणजे एक तारखेला पगार जमा होणारी इथे मी एकटीच.

बाबांनी फोनवर अगदी सहज सांगितलं, "सहा महिन्यांच्या सॅलरी स्लिपा पाठवून ठेव गं. बघू तर."

हे 'बघू तर' फार डेंजर असतं.

त्या आठवड्यात मी विठ्ठल कामतांचं 'इडली, ऑर्किड आणि मी' परत काढलं. कॉलेजात वाचलं तेव्हा 'सॉलिड आहे यार' एवढीच प्रतिक्रिया होती. या वेळी सीएसारखं वाचलं. पैसा कुठून आला, जागा कुठली, सही कोणाची?

सुरुवात व्यंकटेश कामतांच्या 'सत्कार'पासून होते. चर्चगेटचं साधं रेस्टॉरंट. लोकलमधून उतरलेला माणूस इडली खाऊन ऑफिसात जातो, संध्याकाळी कॉफी पिऊन गाडी पकडतो. त्याला शोधायला जावं लागत नाही, तो दारावरूनच जातो. मुलाने, विठ्ठल कामतांनी, पुढे मोठी उडी मारली तीही गर्दीच्याच ठिकाणी. मुंबईच्या देशांतर्गत विमानतळाच्या दारात त्यांचं 'प्लाझा' होतं, तिथेच १९९७ मध्ये 'ऑर्किड' उभं राहिलं. पंचतारांकित आणि पर्यावरणपूरक, इकोटेल असं प्रमाणपत्र मिळालेलं. नळांना कमी पाणी सोडणाऱ्या जाळ्या, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापर, खोलीत एक हिरवं बटण, जे दाबलं की एसीचं तापमान दोन अंशांनी वर सरकतं. पाहुण्याला वाटतं आपण पृथ्वी वाचवली. पृथ्वीचं ठीक आहे, पण मला त्यात विजेचं बिल दिसलं.

पण त्या उडीची किंमत? कर्जाने गळ्यापर्यंत आलेला हा माणूस सगळं संपवायच्या विचारापर्यंत पोचला होता आणि उंच इमारतीबाहेर झुल्यावर लटकून रंग देणाऱ्या कामगाराला बघून मागे फिरला, हे त्यांनीच लिहिलंय. बरं, त्यानंतर सगळं आलबेल झालं असंही नाही. नंतरच्या काळातही कर्जाने कंपनीची पाठ सोडली नव्हती. सासवड रस्त्यावरचा १७१० चा जाधवगड, पुण्यात बालेवाडीचं ऑर्किड, नावं वाढत गेली. आज पुढच्या पिढीतले विशाल आणि विक्रम हे दोघे भाऊ वेगवेगळ्या कंपन्यांमधून हॉटेलं चालवतात. हे वाचताना मला गल्ल्यावर आळीपाळीने बसणारे आमचे दोघे दिसत होते.

मग मी एका शनिवारी घरी गेले आणि रजिस्टर उघडलं. पावसाळ्यातले शनिवार-रविवार फुल्ल, ते सगळ्यांनाच माहितीये. मी मंगळवार बघितले. फेब्रुवारीतला मंगळवार, म्हणजे लोणावळ्यात चिटपाखरू नसतं. तरी चौदापैकी सहा-सात खोल्या लागलेल्या. कोण? औषध कंपन्यांचे एमआर. आयएनएस शिवाजीत प्रशिक्षण घेणाऱ्या पोराला भेटायला आलेले आईवडील. १९२४ पासून चालू असलेल्या कैवल्यधामात योगाच्या कोर्सला आलेल्यांचे नातेवाईक. यातले बहुतेक रेल्वेने येतात, बॅग हातात घेऊन चालत आमच्या दारात पोचतात. एक्स्प्रेस-वेच्या कडेला पूल बांधला तर यातलं कोण तिथे जाणार? तिथे शनिवारची पार्टी येईल, आणि बँकेचा हप्ता तर मंगळवारीही चालूच असतो.

रात्री जेवणानंतर मी हे मांडलं. काका चिडले. "तुम्ही एसीत बसून आम्हाला धंदा शिकवणार!" काकूंनी वेगळाच मुद्दा काढला, "उद्या हिचं लग्न झालं की हप्ता कोण भरणार?" (घरच्या मुलीची सही चालते, पण मत नको, हे आमच्याकडचं जुनंच आहे.) मी म्हटलं, सही करते, पण प्लॉटसाठी नाही. याच इमारतीसाठी, याच चौदा खोल्यांसाठी. बाथरूम नवी करू, पाणी गरम करायला सोलर बसवू, लिफ्ट घेऊ. कर्ज काकांच्या आकड्याच्या चौथ्या हिश्शात बसतं. आणि वरच्या गच्चीवर पुढेमागे चार खोल्या, परवानगी मिळाली तर.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "आणि तू? तू येणार का इथे?"

या प्रश्नाला माझ्याकडे एक्सेल शीट नव्हती. मी म्हटलं, महिन्यातले दोन वीकेंड हिशेब मी बघीन, बुकिंगचं ऑनलाइन सगळं मी बघीन, आणि तीन वर्षांनी पुन्हा बोलू. काका म्हणाले, वीकेंडला तर गर्दी असते, तेव्हा हिशेब बघायला टाइम कोणाला आहे! ते मात्र खरं होतं. वार बदलला. आता मी महिन्यातून दोन मंगळवारी घरून काम करते. म्हणजे लॅपटॉप गल्ल्याशेजारी आणि ऑफिसचा कॉल चालू असताना मागून ऑर्डर, "दोन थाळी, एक बिनकांदा!"

काका अजून प्लॉटवाल्याचे फोन घेतात. लिफ्टवाला परवा मोजमापं घेऊन गेला. बॅगा वर नेणारा आमचा रूमबॉय त्याच्या मागे-मागे फिरत होता. शेवटी त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, लिफ्ट आल्यावर टिप कोण देणार?"