ग्राफचे आकडे: मोजणीचे कष्ट आणि व्याख्येची भाषा

ग्राफ म्हणजे काही बिंदू आणि त्यांतल्या काही जोड्यांना सांधणाऱ्या कडा. बिंदूंना कोणतीही नावे दिली, कागदावर ते कसेही मांडले, तरी जो आकडा बदलत नाही, तो त्या ग्राफचा सांख्यिक गुणधर्म. त्रिकोण किती, रंगवण्याचे प्रकार किती, ही त्याची साधी उदाहरणे. अशा प्रत्येक आकड्याबद्दल दोन गोष्टी विचारायच्या असतात: तो काढायला किती आकडेमोड लागते आणि त्याची व्याख्या करायला केवढी भाषा लागते. पहिला प्रश्न संगणनाचा, दुसरा तर्कशास्त्राचा. विषयाची खरी गोडी हे दोन्ही प्रश्न शेजारी ठेवल्यावर कळते.

आधी आकडेमोड. काही कडा अशा निवडायच्या की सगळे बिंदू सांधले जावेत, पण कुठेही वेटोळे बनू नये. अशा निवडीला वृक्ष म्हणतात. मोठ्या ग्राफमध्ये असे वृक्ष अब्जावधी असू शकतात. तरी ते एकेक करून मोजावे लागत नाहीत, कारण गुस्ताव किरखोफ यांच्या १८४७ मधल्या विद्युत मंडलांवरील कामातून आलेल्या प्रमेयानुसार एका निश्चयकाची किंमत काढली की उत्तर हाती येते. बिंदूंच्या दोन गटांत जोड्या लावण्याचा प्रश्न याच्या अगदी उलट वागतो. सर्वांच्या जोड्या लागतात की नाही, हे झटपट ठरवता येते. किती प्रकारे लागतात, हे मोजणे मात्र मोजणीच्या प्रश्नांच्या ‘शार्प-पी’ या वर्गातल्या सर्वांत अवघड प्रश्नांइतके कठीण आहे, असे लेस्ली व्हॅलियंट यांनी १९७९ मध्ये दाखवले. निश्चयकाच्या विस्तारातली उणे चिन्हे अधिक केली की पर्मनंट मिळतो आणि जोड्या लावण्याच्या प्रकारांची संख्या हा पर्मनंटच देतो. सोपे आणि अवघड यांत अंतर पडते ते एवढ्या चिन्हांमुळे.

रंगवण्यातही हेच दिसते. कडेच्या दोन टोकांना एकच रंग नको, एवढीच अट. चार बिंदूंचा चौकोन आणि तीन रंग घेऊ. एक कड काढली की साखळी उरते. तिचे प्रकार ३×२×२×२, म्हणजे २४. यांपैकी काढलेल्या कडेची दोन्ही टोके ज्यांत एकाच रंगाची येतात, ते प्रकार वगळायचे. ती टोके एकत्र केली तर त्रिकोण होतो. त्याचे प्रकार ३×२×१, म्हणजे ६. उरले १८. ही रीत कोणत्याही ग्राफला लागू पडते, पण दर पायरीला एका ग्राफचे दोन होतात आणि काम दुपटीने वाढत जाते. रंगांची संख्या चल मानली तर प्रकारांची संख्या एका बहुपदीने मिळते, हे जॉर्ज बर्कहॉफ यांनी १९१२ मध्ये मांडले. चौकोनाच्या बहुपदीत −१ घातले की १४ येतात. चौकोनाच्या कडांना दिशा देण्याचे सोळा प्रकार आहेत. त्यांपैकी गोल फिरवणारे दोन सोडले तर नेमके चौदाच उरतात. हा योगायोग नाही: चिन्ह बाजूला ठेवले तर −१ वरची किंमत प्रत्येक ग्राफसाठी हीच मोजणी करते, हे रिचर्ड स्टॅन्ली यांचे १९७३ मधले प्रमेय. तीन किंवा अधिक रंगांसाठी, तसेच −१ साठीही, ही किंमत काढणे शार्प-पी-कठीण आहे, हे नाती लिनियाल यांनी १९८६ मध्ये सिद्ध केले.

आता भाषा. बिंदूंसाठी मोजकेच चल वापरायचे आणि ‘असे इतके बिंदू आहेत’ असे म्हणायची मुभा ठेवायची, अशी एक तर्कभाषा आहे. तिची मर्यादा दाखवणारे नामी उदाहरण गणितज्ञ शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांच्या १९५९ मधल्या शोधनिबंधातून आले. श्रीखंडे ग्राफमध्ये १६ बिंदू आहेत, प्रत्येकाचे शेजारी सहा आणि कोणत्याही दोन बिंदूंचे सामाईक शेजारी दोन. चार-बाय-चार पटावर एकाच ओळीतली किंवा रकान्यातली घरे सांधली की जो ग्राफ होतो, त्याचेही आकडे हुबेहूब हेच. दोन्हींत त्रिकोण ३२, दोन्हींत वृक्ष २ चा पस्तिसावा घात. तीन चलांच्या मोजणीभाषेतले कोणतेही वाक्य त्यांना वेगळे करू शकत नाही. पण पटावरच्या ग्राफमध्ये एका बिंदूचे सहा शेजारी दोन सुट्या त्रिकोणांत बसतात. श्रीखंडे ग्राफमध्ये त्यांचा षट्कोन होतो. त्यामुळे परस्परांशी जोडलेल्या चार बिंदूंचे गट पहिल्यात आठ, दुसऱ्यात एकही नाही. चौथा चल मिळताच हा फरक एका वाक्यात सांगता येतो.

भाषा आणि आकडेमोड यांची गाठ ब्रुनो कूर्सेल यांच्या १९९० मधल्या प्रमेयात पडते. बिंदूंच्या आणि कडांच्या संचांबद्दल बोलू देणाऱ्या भाषेत जो गुणधर्म सांगता येतो, तो वृक्षासारख्या, म्हणजे मर्यादित वृक्षरुंदीच्या, ग्राफवर ग्राफच्या आकाराच्या प्रमाणातच वेळ घेऊन तपासता येतो. स्टीफन आर्नबोर्ग, येन्स लागरग्रेन आणि डेटलेफ झीझे यांनी १९९१ मध्ये हीच हमी मोजणीलाही दिली. म्हणून तीन रंगांत रंगवण्याचे प्रकार, एरवी इतके अवघड, अशा ग्राफवर सहज मोजता येतात: ग्राफचे लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याच्या सीमेवरच्या बिंदूंच्या रंगांनुसार संख्या नोंदवायच्या आणि तुकडे जुळवताना त्या संख्या गुणत, मिळवत जायच्या. या हमीची किंमत स्थिर गुणकात मोजावी लागते. वृक्षरुंदी आणि वाक्याची गुंतागुंत वाढली की तो गुणक घातांवर घात चढत जावेत तसा वाढतो. त्यामुळे एखादा आकडा अवघड आहे एवढेच म्हणणे अपुरे ठरते. तो कोणत्या भाषेत सांगितला आहे आणि कोणत्या प्रकारच्या ग्राफवर मोजायचा आहे, हेही त्याबरोबर सांगावे लागते.