घोड्याच्या बापाचं नाव

संपादकांनी फोनवर बजावलं, "डॉक्टर, गुणसूत्रं वगैरे नकोत. गोष्टी सांगा." म्हणून सारंगखेड्यापासून सुरुवात करतो. गुणसूत्रं वाटेत आडवी आली तर माझा इलाज नाही.

दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातल्या या तापीकाठच्या गावात घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तीन वर्षांपूर्वी तिथे एका तरुण शेतकऱ्याने मला गाठलं. त्याने दीड वर्षाचा मारवाडी बछेरा घेतला होता. काळाभोर, कानांची टोकं एकमेकांना भिडलेली, गळ्यावर देवमणीचा भोवरा. सोबत सात पिढ्यांची वंशावळ, वहीच्या कागदावर लिहिलेली. बापाच्या जागी एका नावाजलेल्या घोड्याचं नाव होतं आणि मोजलेल्या पैशातले निम्मे त्या नावाचे होते. व्यवहार झाल्यावर कुणीतरी त्याच्या कानात शंका सोडली होती. "डॉक्टरसाहेब, हाऊ घोडा कोना शे, तेवढं सांगा."

बाप जिवंत असता तर काम सोपं होतं. आयाळीचे केस मुळासकट उपटायचे, मुळातून डीएनए काढायचा, ठरलेली डझनभर ठिकाणं तपासायची. प्रत्येक ठिकाणी शिंगराकडे एक खूण आईची असते, एक बापाची. दोन-तीन ठिकाणी बापाची खूण जुळली नाही, की तो बाप नव्हे. याआधी आम्ही रंगावर भागवायचो, आणि रंग अगदीच मुका नसतो. आईबाप दोघेही सुरंग असतील तर शिंगरू कुमैत होत नाही. सब्जा शिंगराच्या आईबापांत एक तरी सब्जा असावाच लागतो. (सब्जा जन्मतः गडद असतो आणि वयाबरोबर पांढरा होतो. नुकरा जन्मतःच पांढरा, कातडी गुलाबी. या दोघांना एक समजणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडून दिलं आहे.) पण इथे बाप पोटशुळाने मेला होता आणि त्याचा एक केसही कुणी ठेवला नव्हता.

अशा वेळी उरतं वाय गुणसूत्र. घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रं असतात. वाय त्यातलं एक, आकाराने लहान, आणि ते बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं. बाकीची दर पिढीला पत्त्यांसारखी पिसली जातात. आठ पिढ्या मागे गेलं तर वंशावळीत २५६ जागा भरतात, त्यांतल्या एकाच पूर्वजाचा पत्ता वाय सांगतं. थोडक्यात, ते आडनाव आहे. आडनावावरून कुणाचा गळा गोड आहे हे कळत नाही, तरी बाजारात लोक 'रक्त' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात तेवढंच असतं.

बरं, आडनावं तरी वेगवेगळी हवीत ना! २००४ साली १५ जातींच्या ५२ नरांच्या वायचा एक तुकडा तपासला गेला आणि फरक सापडला शून्य. आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात वैविध्याची जत्रा आणि बापाकडे एकच चेहरा. कारण उघड आहे. माणसाने घोड्या पुष्कळ पाळल्या, पण फळवायला मूठभर नर ठेवले आणि बाकीचे खच्ची केले. तो निबंध वाचून मी विषय बदलायच्या विचारात होतो. पुढे व्हिएन्नाच्या बार्बरा वॉलनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वायचे आणखी लांब पट्टे वाचले, तेव्हा बारीक फरक हाती लागले. २०१७ साली त्यांनी दाखवलं, की आजच्या बहुतेक जातींमधल्या नरांचे धागे गेल्या सुमारे ७०० वर्षांत पसरलेल्या अरबी आणि तुर्कमेन घोड्यांपाशी जाऊन मिळतात.

याच फरकांनी एक छापील वंशावळ उघडी पाडली, आणि तो माझ्या जिव्हाळ्याचा विषय असल्याने संपादकांनी थोडं सोसावं. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांची नोंदवही इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. सगळे नर तीन मूळ घोड्यांपाशी पोचतात: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. पैकी दहांतले नऊहून अधिक डार्लीचे. १८८१ साली जन्मलेला सेंट सायमन हा एकही शर्यत न हरलेला घोडा. कागदावर तोही डार्लीच्याच वंशातला. त्याच्या नरवंशजांचं वाय तपासलं, तर ते बायर्ली टर्कच्या घराण्याचं निघालं! मधल्या कुठल्यातरी कडीत घोडी एकाने फळवली आणि नोंद दुसऱ्याची झाली. म्हणून सेंट सायमन कमी धावला का? तो नऊ वेळा इंग्लंडचा अव्वल जनक ठरला. छापील वहीची ही गत, मग आपल्याकडच्या वहीच्या कागदाला किती दोष द्यायचा?

खरं तर बापाकडून घराणं मोजायची रीतच आपल्याकडे सगळीकडे नव्हती. काठियावाडी घोड्यांची घराणी घोड्यांच्या नव्हे, घोडींच्या नावाने चालतात: ताजण, हिराळ, माणकी. अरबस्तानातले बदाऊनही घराणं आईवरूनच सांगत. त्यांचं मला पटतं. शिंगरू कुणाच्या पोटून आलं ते सगळा तबेला पाहतो. बापाच्या बाबतीत मोतद्दाराच्या शब्दावर विसंबावं लागतं.

बछेऱ्याकडे येतो. मेलेल्या घोड्याचे मुलगे म्हणून ज्यांच्याविषयी कुणालाही शंका नव्हती, अशा दोन घोड्यांचे केस मी मिळवले. त्या दोघांचं वाय एकमेकांशी जुळलं, बछेऱ्याचं जुळलं नाही. मी अहवालात एक ओळ लिहिली: 'या बछेऱ्याचा आणि त्या दोन घोड्यांचा पितृवंश एक नाही.' ओळ खरी होती.

जे लिहिलं नाही ते असं. त्या दोन मान्यवर मुलांच्या वायवर थरोब्रेडची खूण होती. डार्लीच्या शाखेत १८०७ साली जन्मलेल्या व्हेलबोन नावाच्या घोड्याच्या वंशजांत सापडते, ती. बछेऱ्याकडे ती नव्हती. संस्थानिकांच्या पागांमध्ये पोलोसाठी आणि शर्यतीसाठी इंग्रजी घोडे होते, तेव्हा मारवाडी घोड्यात ती खूण सापडणं आश्चर्याचं नाही, आणि एवढ्यावरून तो मारवाडी नाही असं म्हणणं मूर्खपणाचं ठरेल. पण मग प्रश्न उलटतो. मेलेला घोडा खरोखर त्या दोघांचा बाप होता, की बछेऱ्याचा? दोन विरुद्ध एक हे बहुमत झालं. बहुमताने बाप ठरत नाही.

हे सगळं त्या मुलाला सांगायला हवं होतं. मी टाळलं. एका मोठ्या नावाला धक्का लागेल, बाजारात बोभाटा होईल, उद्या कुणी केस द्यायचा नाही, अशी कारणं तेव्हा मी स्वतःला दिली. त्याने माझी ओळ वाचली आणि स्वतःपुरता अर्थ लावला: आपला घोडा खोटा. पुढच्या जत्रेत कळलं, की त्याने बछेरा खच्ची करून घेतला आणि धुळ्याकडच्या एका वरातवाल्याला विकला. वरातीत उत्तम नाचतो म्हणतात.

आता तो वंश, ज्याचा कुणाचा असेल त्याचा, तिथेच थांबला.

घोडा पाळणाऱ्यांना एकच विनंती. नर मरायच्या किंवा विकला जायच्या आधी आयाळीचे वीस-तीस केस घ्या. कापू नका, उपटा, टोकाला मूळ दिसलं पाहिजे. कागदाच्या पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये ओल धरते. पाकिटावर घोड्याचं नाव आणि तारीख घाला, आणि ते घरातल्या कोरड्या कपाटात असू द्या.