शेवटचे शंभर किलोमीटर

भूगोलाच्या पुस्तकात अंतर किलोमीटरमध्ये मोजतात. घरातली माणसं ते वेळेत मोजतात. आमच्या वरूडात कुणालाही विचारा, "मुंबई किती लांब?" उत्तर येईल, "एक रात्र." बडनेऱ्याला संध्याकाळी गाडीत बसावं, सकाळी मुंबईत उतरावं. रुळांवरून हे अंतर साडेसहाशे किलोमीटरहून अधिक आहे. पण लक्षात राहते ती रात्र.

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली आणि या रात्रीचे पावणेदोन तास झाले. विमान सुरुवातीला आठवड्यातून तीनच दिवस होतं. दोन विमानतळांतलं हवाई अंतर सुमारे ५४० किलोमीटर आणि एटीआर जातीच्या पंख्याच्या विमानाचा वेग ताशी पाचशेच्या आसपास. त्रैराशिक मांडलं तर तासाभराचाच प्रवास! मग उरलेला वेळ जातो कुठे? धावपट्टीपर्यंत जाण्यात, वर चढण्यात, खाली उतरण्यात आणि मुंबईच्या आकाशात आपली पाळी येण्यात. नागपूर मुंबईहून ६८० किलोमीटर, तरी जेट विमान साधारण तेवढ्याच वेळात तिथं पोहोचतं.

हा हिशेब मी हौसेनं शिकले नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर बाबांवर मुंबईत मोठी शस्त्रक्रिया झाली. "घरी न्या, पण हादरे बसू देऊ नका," असं डॉक्टरांनी बजावलं. आंबिया बहाराच्या संत्र्यांचे पैसे नुकतेच हाती आले होते. काकांनी कुणाला न विचारता विमानाची तिकिटं काढली. बाबा जन्मात प्रथमच विमानात बसले. खिडकीतून खाली बघत होते, बोलत काहीच नव्हते. ढगांतून उतरताना मात्र त्यांनी माझा हात घट्ट धरला.

बेलोऱ्याला उतरलो तेव्हा वाटलं, आता घर आलंच! पण मोर्शीमार्गे वरूड अजून शंभराच्या आतबाहेर होतं. प्रत्येक खड्ड्यापाशी जीप थांबल्यासारखी होई. बाबा डोळे मिटून, पोटाशी उशी धरून बसलेले. वाटेत आजीचा फोन आला, "मुंबई जवळ आली म्हनता, मंग माहा लेक अजून काऊन नाई आला?" काय सांगणार? ५४० किलोमीटरना पावणेदोन तास लागले आणि या शंभरांना तीन.

लंडन आणि पॅरिसच्या मोठ्या विमानतळांत हवाई अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. विमानाला वेळापत्रकाप्रमाणे सव्वा तास लागतो. तरी १९९४ पासून समुद्राखालच्या बोगद्यातून धावणाऱ्या आगगाडीनं जाणारे पुष्कळ आहेत. तिला सव्वादोन-अडीच तास लागतात, पण ती शहराच्या मध्यातून निघून शहराच्या मध्यात पोहोचवते. म्हणजे तिथले लोकही घरापासून घरापर्यंतच मोजतात, आजीसारखंच.

विमानाला मी नावं ठेवणार नाही. ती रात्र बाबांना बसून काढावी लागली असती, तर त्यांचं काय झालं असतं ते सांगवत नाही. आता ते अंगणात फिरतात, बागेतही जाऊन येतात. पुढच्या तपासणीची तारीख आली आहे. काकांनी दवाखान्याचा दिवस आणि विमानाचा दिवस जुळवून पाहिला; यावेळी जुळला नाही. बडनेऱ्याहून दोन बर्थ राखून ठेवल्या आहेत, खालच्या.